वर्ग त्याचा, सराव घरचा

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. कार्यशाळेतली एक मुलगी त्याला आवडते. संस्था नातेसंबंधांवर वर्ग घेणार आहे, पालकांनाही बोलावलंय. नको ते डोक्यात भरेल का?

उत्तर : ताई, मालिका आणि मोबाइलने ते आधीच भरलंय, तेही अर्धवट. पालकसभेला जरूर जा, पण त्याच्या वर्गात बसू नका. आईसमोर कोणता तरुण मोकळं बोलेल? तिथे अवयवांसाठी जे शब्द वापरतील, तेच घरी वापरा. दोन ठिकाणी दोन शब्द झाले की गोंधळ उडतो.

खरा सराव घरातच होतो. त्याच्या खोलीत शिरताना दार वाजवा. ‘काकूंना पापा दे’ हा आग्रह सोडा. घरी ज्याचं ‘नको’ कुणी ऐकत नाही, त्याला बाहेर ‘नको’ म्हणणं जमत नाही आणि त्या मुलीचं ‘नको’ही उमगत नाही. हे मी फार घरांत पाहिलंय.

शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळवण्याचा हक्क त्याला देतं. आज संध्याकाळी त्याला त्या मुलीबद्दल विचारा. फक्त ऐका.