घरचे अन्न व पीळदार शरीर

हल्ली व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या तोंडून दोन गोष्टी वरचेवर ऐकू येतात. अंगावर चरबी नको, पीळ हवा, ही एक. आणि त्यासाठी डब्यातील पूड घेतल्यावाचून गत्यंतर नाही, ही दुसरी. पहिली इच्छा स्वाभाविक आहे व चांगलीही आहे. दुसऱ्या समजुतीची मात्र नीट तपासणी झाली पाहिजे. कारण तिचे मोल बहुधा आईबापांस भरावे लागते. आमच्या कुंभारीत १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरातील १५,००० घरे कामगार कुटुंबांच्या स्वाधीन झाली. त्याआधी २००६ साली विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली होती. ज्या घरात आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मोजली जाते, त्या घरात मुलाने दरमहा एक डबा मागणे ही लहानसहान मागणी नव्हे.

डबा नाकारणारे काही विद्यार्थी दुसऱ्या टोकास जातात. कारखान्यातून आलेले काहीही खावयाचे नाही, धान्य, कडधान्य, भाजी, फळ, दूध, अंडी, जे जसे उपजते तसेच खावयाचे, असा ते नेम धरतात. या नेमाने स्नायू वाढतील काय? वाढतील. परंतु कसे, ते समजून घेतल्याशिवाय नेम धरला तर पीळ येण्याऐवजी अशक्तपणा येण्याचा संभव आहे.

प्रथम हे लक्षात ठेवावे की अन्नाने स्नायू वाढत नाहीत, श्रमाने वाढतात. सवयीपेक्षा अधिक भार पडला म्हणजे स्नायूतंतूंवर ताण येतो, आणि पुढील एकदोन दिवसांत शरीर ते तंतू दुरुस्त करून पूर्वीहून किंचित जाड व बळकट करिते. अन्न हे या दुरुस्तीचे सामान होय. गवंडी कामावर आलाच नाही, तर अंगणात विटांचा ढीग रचून भिंत थोडीच उभी राहणार आहे? प्राचीन ग्रीस देशातील मिलो नावाच्या मल्लाविषयी अशी आख्यायिका आहे की तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले व त्याबरोबर मिलोचे बळही वाढत गेले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व खरे आहे: भार हळूहळू वाढला पाहिजे. जोर व बैठका या आमच्या तालमीतील जुन्या व्यायामांस एक पैसाही लागत नाही. आज वीस जोर निघत असतील तर पंधरा दिवसांनी पंचवीस निघावेत. ते सहज निघू लागले की पाठीवर वाळूची लहान पिशवी घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस नेटाने केलेला व्यायाम नवशिक्यास पुरेसा आहे.

आता सामानाकडे वळू. स्नायूंचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणी असून उरलेल्यात मुख्य वाटा प्रथिनांचा असतो. सामान्य प्रौढ मनुष्यास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आपल्या देशातील पोषणतज्ज्ञांनी ठरविले आहे. नेटाचा व्यायाम करणाऱ्यास १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत लागतात. पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी घेतला, तर त्याची गरज ६० ते ८० ग्रॅम झाली. हा आकडा ऐकून पालकांनी घाबरून जाऊ नये. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या की सुमारे ३० ग्रॅम मिळाले. साठ ग्रॅम डाळीचे किंवा मुगाचे १३ ते १४, चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांचे १०, अर्धा लिटर दुधाचे १६. बेरीज सत्तरच्या घरात गेली, आणि यात डबा कोठेच आला नाही. अंडे खाणाऱ्या घरात दर अंड्यामागे आणखी सहा ग्रॅम मिळवावेत.

आपल्या जिल्ह्याची ज्वारी ही या कामी मोठी देणगी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. गिरणीत ज्वारी दळताना तिच्यातील कोंडा वा अंकुर काढून टाकला जात नाही. म्हणून भाकरी हे खऱ्या अर्थाने संपूर्ण अन्न आहे, आणि मैद्याचा पाव तसा नाही. तथापि ज्वारीत एक उणीव आहे. प्रथिने ज्या अनेक अंशांची बनलेली असतात, त्यांपैकी लायसीन नावाचा अंश ज्वारीत फार थोडा असतो. तो डाळी व कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर डाळ, पिठले, मटकीची उसळ खाण्याची आपल्या पूर्वजांची चाल शास्त्रास धरून आहे. येथे सोलापूरकरांना एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती कदाचित आवडणार नाही. शेंगाचटणी व भाकरी हे आपले लाडके जेवण. पण शेंगदाण्यातही लायसीन बेताचेच असते. चटणी अवश्य खावी, पण ती डाळीच्या जागी नव्हे, डाळीच्या जोडीला.

संपूर्ण अन्नाचे महत्त्व ही काही आजची नवी टूम नाही. १८९० नंतरच्या दशकात बटाव्हिया येथे एइकमान नावाच्या डच वैद्याने पाहिले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. या शोधासाठी त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या देशात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन याने निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांस देऊन पाहिला. सबंध गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळी, भाज्या व क्वचित मांस अशा पंजाबातील आहारावरील उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. त्याने कुन्नूरला चालविलेल्या कार्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उदयास आली.

आमच्या शाळेतील मुले येथे दानीएलाची गोष्ट काढतील. त्याने व त्याच्या सोबत्यांनी दहा दिवस शाकान्न व पाणी घेतले आणि ते राजाचे मिष्टान्न खाणाऱ्यांहून सतेज दिसले, हे खरे. पण ती कथा सदसद्विवेकाची व निष्ठेची आहे. ती पीळदार दंड कमावण्याची कृती म्हणून वाचणे मला प्रशस्त वाटत नाही.

नेम फार कडक केला तर काय बिघडते, तेही पाहावे. दूध, अंडी व मांस सर्वच सोडणाऱ्यास ब-१२ जीवनसत्त्व अन्नातून मिळत नाही. त्याने वैद्यकीय सल्ल्याने ते निराळे घ्यावे. मीठ कारखान्यातून येते म्हणून आयोडीनयुक्त मीठ टाकून देणे हा शुद्ध हट्ट होय. त्याने गलगंडास आमंत्रण मिळते. भाज्या व फळेच खाऊन पोट भरले, पण भाकरी कमी झाली, तर शरीर प्रथिने जाळून उष्णता निर्माण करू लागते आणि स्नायूंच्या वाट्यास काही उरत नाही. वाढत्या वयात उपाशी राहून चरबी घटविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. गुळाविषयीही थोडे सांगितले पाहिजे: साखर सोडून गुळाचे खडे चघळणारे स्वतःस व्रतस्थ समजतात, स्नायूंच्या दृष्टीने त्या दोहोंत फारसा भेद नाही.

डब्यातील पूड विष आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळदा ती दुधाच्या निवळीतून वेगळी काढलेली प्रथिनेच असतात. परंतु जे दुधात व डाळीत आहे तेच अधिक पैसे देऊन घ्यावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. लवकर फळ देतो म्हणून कोणी गोळी वा सुई देऊ केली तर मात्र ती कदापि घेऊ नये आणि घरी तत्काळ सांगावे. अशा औषधांनी कोवळ्या मुलांची उंची खुंटते व यकृतास इजा होते.

वजन म्हणजेच बळ, हाही भ्रम आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले व १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. ज्या गटात ते लढले त्याची मर्यादा अवघी ५७ किलो होती.

मातांस एक विनंती आहे. पुष्कळ घरांत डाळीचा दाट भाग मुलांना व वरचे पाणी मुलींना मिळते, आणि आई सर्वांच्या मागून उरलेले खाते. स्नायू मुलींसही असतात. शिवाय त्यांना लोहाची गरज मुलांहून अधिक असते. पालेभाजी व मटकीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते वाया जाते.

व्यायाम आरंभिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढतात, पण दंड वाढलेला दिसत नाही. तेव्हा कित्येकजण निराश होऊन डब्याकडे धावतात. ती पहिली वाढ मज्जातंतूंची असते: असलेला स्नायू नीट कामास लावण्यास ते शिकत असतात. दंडाचा घेर वाढू लागण्यास साधारण दोन महिने लागतात. म्हणून सुताराची फीत रोज लावू नये. महिन्यातून एकदा, सकाळी व्यायामापूर्वी लावावी व आकडा वहीत टिपून ठेवावा. त्याच वहीत रात्री किती तास झोप झाली तेही लिहावे, कारण आठ तासांहून कमी झोपणाऱ्याची दुरुस्ती अर्धवट राहते.