धडधडीची गोळी शेजाऱ्याला का देऊ नये?

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की एक प्रसंग हमखास घडतो. एखादी ताई पिशवीतून गोळ्यांची अर्धी पट्टी काढते आणि विचारते, "ही शेजारच्या काकांची धडधडीची गोळी. त्यांना लगेच गुण आला. माझीपण छाती धडधडते, घेऊ का?" आम्ही नको म्हणतो. पण नुसते 'नको' म्हणून भागत नाही. शेजाऱ्याची गोळी फुकट मिळते, आणि दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या वेळी त्या 'नको'मागचे कारण सविस्तर सांगतो.

आपले हृदय विजेच्या बारीक लहरीवर चालते. लहर पसरते, तिच्यामागोमाग स्नायू आवळतो आणि रक्त पुढे ढकलले जाते. मध्येच एखादा ठोका अवेळी पडला की 'ठोका चुकला' असे आपल्याला वाटते. असे ठोके धडधाकट माणसालाही पडतात आणि बहुतेक वेळा त्यात धोका नसतो. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याची गोष्ट वेगळी. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी बंद पडते, तिच्या हद्दीतला स्नायू मरतो आणि तिथे वण राहतो. वणाच्या कडेला उपाशी स्नायू उरतो. तो जिवंत असतो, पण त्याला रक्त पुरत नाही.

झटक्यानंतर ज्यांना असे जादा ठोके फार पडतात, ते अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. मग विचार सरळ होता : ठोके दाबा, माणूस वाचेल. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या गोळ्या ठोके फार छान दाबत. अमेरिकेत त्या सर्रास दिल्या जाऊ लागल्या. पण माणूस खरेच वाचतो का, हे कुणी मोजलेच नव्हते.

ते मोजायला तिथे १९८७ साली 'कास्ट' नावाची मोठी चाचणी सुरू झाली. झटका येऊन गेलेले रुग्ण घेतले. आधी प्रत्येकाला गोळी देऊन पाहिली आणि ज्यांचे ठोके गोळीने खरोखर दबले, त्यांनाच पुढे ठेवले. म्हणजे औषध ज्यांना 'लागू पडले' तेच हे लोक. मग अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नव्हते आणि त्याच्या डॉक्टरलाही नाही. औषध हाताशी असताना अर्ध्यांना नकली गोळी देणे हाच अन्याय आहे, असे काही डॉक्टरांचे म्हणणे होते.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन गोळ्यांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत खरी गोळी घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले होते. नकली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजीचा कागद सुधारला होता आणि माणसे मात्र दुपटीहून जास्त मेली होती. मोरिसिझिन हे तिसरे औषध पुढे चालू ठेवले, तेही १९९१ मध्ये बंद करावे लागले.

असे का झाले? मिरवणुकीचे उदाहरण घ्या. मिरवणूक चौकातून दोन गल्ल्यांनी पुढे जाते आणि वस्तीच्या टोकाला संपते. पण एक गल्ली गटारासाठी खणलेली असेल, तर तिथले लोक रेंगाळतात. ते बाहेर पडतात तोवर चौक रिकामा झालेला असतो, म्हणून ते पुन्हा चौकात शिरतात आणि गोल फिरत राहतात. उपाशी स्नायूत विजेची लहर अशीच रेंगाळते. ही औषधे पेशीत सोडियम शिरण्याची वाट अडवतात, त्यामुळे लहर आणखी मंदावते. निरोगी स्नायूला हे बहुधा सोसते. उपाशी स्नायूत लहर गोल फिरू लागण्याचा धोका वाढतो. तसे झाले की हृदय नुसते थरथरते, रक्त फेकत नाही, आणि काही मिनिटांत माणूस जातो.

म्हणून ज्याच्या हृदयात बाकी काही बिघाड नाही, त्याला फ्लेकेनाइड आजही डॉक्टर देतात आणि त्याचा उपयोगही होतो. तीच गोळी झटका येऊन गेलेल्याला घातक. धडधड दोघांची सारखीच वाटते, आणि बाहेरून बघून आतला वण कुणाला दिसत नाही. मधुमेह असलेल्यांना तर कधी कधी न दुखताच झटका येऊन जातो, तो पुढे ईसीजी किंवा इकोमध्येच कळतो. काकांना लागू पडलेली गोळी ताईंना का चालणार नाही, ते इथे आहे.

मग झटक्यानंतर काय देतात? प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या. त्या ठोके फ्लेकेनाइडइतके दाबत नाहीत, पण त्यांनी माणसे वाचतात हे १९८०च्या सुमारासच मोजून सिद्ध झाले होते. त्या हृदयाचे काम हलके करतात, म्हणजे उपाशी स्नायूची भूकच कमी होते. मात्र बरे वाटले म्हणून त्या एकदम बंद करू नका, छातीतले दुखणे उसळून येते. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइडची तपासणी वेळोवेळी करून घ्या, कारण त्या गोळीत आयोडीन भरपूर असते. खोकला-दम वाढला तर तेही सांगा, ती फुप्फुसालाही बाधू शकते.

दवाखान्यात जाताना जुना केसपेपर, जुना ईसीजी आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. पट्टी कापताना नाव छापलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्या. आम्हाला निम्म्या वेळा नाव नसलेला तुकडाच बघायला मिळतो. धडधडीबरोबर चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर शिबिराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.