बुलढाणा जिल्ह्यातील महिला व युवकांचे लघुउद्योग : पाठबळ कोठे हवे?

बुलढाणा जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर उभे आहे. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा कापसाचा पट्टा. तर घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागात सोयाबीन, तूर, उडीद व मूग ही महत्त्वाची पिके. पाऊस लांबला किंवा भाव कोसळले की गावातील पैशाचा ओघच आटतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. अशा जिल्ह्यात शेतीला जोड देणारा छोटा उद्योग हे वर्षभर चूल पेटती ठेवण्याचे साधन होय.

बचतीपासून उद्योगापर्यंत

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने बचत गट थेट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गटांची बांधणी पुढे नेली. दरमहा थोडी बचत व परस्परांवरील विश्वास हे या चळवळीचे मूळ. हे मूळ आपल्याकडील भिशीत आहे, तसेच दूरच्या सोमालियातही आहे. तेथील स्त्रिया ‘हगबद’ नावाने वर्गणी जमवितात आणि पाळीपाळीने एकीच्या हाती भांडवल देतात. बचतीची ही बुद्धी स्त्रियांना शिकवावी लागत नाही. परंतु बचत करणे वेगळे आणि उद्योग चालविणे वेगळे. गटातून घेतलेले कर्ज पुष्कळदा औषधोपचार, बियाणे, मुलांचे शिक्षण यांवर खर्च होते. त्या गरजा खऱ्याच आहेत. मात्र त्यांतून परतफेडीसाठी नवे उत्पन्न निर्माण होत नाही.

हिशेबाचा एक नमुना

दहा महिलांच्या गटाने उडदाच्या पापडाचा उद्योग काढला असे समजू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. एक किलो पापड दुकानदारास २२० रुपयांना विकला. डाळ, मसाला इत्यादी कच्च्या मालास १३० रुपये आणि वेष्टन व वाहतुकीस २० रुपये लागले. उरले ७० रुपये. महिन्यास २०० किलो माल खपला तर १४,००० रुपये शिल्लक राहतात. यंत्राच्या कर्जाचा हप्ता ३,००० रुपये वजा जाता ११,००० रुपये, म्हणजे प्रत्येकीस १,१०० रुपये. एक महिला दिवसास तीन किलो पापड लाटते असे धरल्यास तिच्या वाट्याच्या २० किलोंस सुमारे सात दिवस लागतात. दिवसाची प्राप्ती सुमारे १५७ रुपये झाली. ती शेतमजुरीहून कमी असेल, तर निंदणी-कापणीच्या दिवसांत महिला शेताकडेच जाणार. हा दोष महिलांचा नसून हिशेबाचा आहे.

आता समजा, दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतो. दर महिन्यास १५० रुपयांप्रमाणे ३०,००० रुपयांचा खर्च मालात गुंततो. दोन महिन्यांचे ६०,००० रुपये अडकले. कर्ज मात्र केवळ यंत्रापुरतेच मंजूर झालेले असते. परिणामी तिसऱ्या महिन्यात डाळ घेण्यास पैसा उरत नाही, यंत्र धूळ खात पडते आणि ‘गट बुडाला’ अशी नोंद होते. यावरून लक्षात येईल की यंत्राइतकेच खेळते भांडवल महत्त्वाचे आहे. प्रस्तावातच त्याची स्वतंत्र तरतूद हवी.

मुंबईत १९५९ मध्ये सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. पीठ एकाच ठिकाणी मळून सर्वांना द्यावयाचे, लाटलेले पापड तपासून घ्यावयाचे व मजुरी वेळेवर चुकती करावयाची, ही त्याची कार्यपद्धती. चव सर्वत्र सारखी राहिली म्हणून ग्राहक टिकला.

युवकांची अडचण

तरुणापुढील अडचण निराळी असते. सातबारा वडिलांच्या नावे असतो, त्यामुळे तारण देण्यास त्याच्याकडे काही नसते. वस्तुतः सूक्ष्म व लघुउद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावले आहे. २०१५ च्या मुद्रा योजनेचाही आधार हाच. ही माहिती अर्जदारापर्यंत पोहोचविणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे. तसेच केवळ अनुदानाकडे पाहून उद्योग निवडू नये. २००८ च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांसाठी ३५ टक्के अनुदान ठरविण्यात आले. परंतु ती रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, हातात रोख मिळत नाही, हे आधीच समजावून सांगितले पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल?

पंचायत सदस्यांनी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाचा १० टक्के निधी केवळ शिलाई यंत्रे वाटण्यात संपवू नये. आठवडी बाजारात गटांसाठी कायम ओटा, धान्य साठविण्यास कोरडी खोली, पिठाच्या गिरणीस पुरेसा वीजपुरवठा मिळावा म्हणून पाठपुरावा, ही कामे अधिक काळ टिकतात. उडीद-तूर काढणीच्या हंगामात खरेदी करून ठेवता आली, तर पुढे भाववाढीच्या काळात गटाचे नुकसान टळते.

शिक्षकांनी गटाच्या सचिव महिलेस रोजमेळ लिहिण्यास शिकवावे. घरखर्च एका वहीत व धंद्याचा खर्च दुसऱ्या वहीत, एवढी शिस्तही पुष्कळ उपयोगी पडते. विक्रीच्या दृष्टीने शेगाव येथे श्री गजानन महाराजांच्या दर्शनास येणारे भाविक व लोणार सरोवर पाहण्यास येणारे पर्यटक ही जिल्ह्याची घरची बाजारपेठ आहे. तेथे माल न्यावयाचा तर अन्न सुरक्षा नोंदणी, वेष्टनावर वजन व उत्पादनाची तारीख या गोष्टी आवश्यक आहेत.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक पाहणीत विचारला जावा : कर्ज जिच्या नावावर आहे, त्या पैशाचा निर्णयही तीच घेते काय? सही तिची आणि व्यवहार दुसऱ्याचा असेल, तर परतफेडीचा भार मात्र तिच्यावरच पडतो. किती गट स्थापन झाले यापेक्षा किती उद्योग तिसऱ्या वर्षीही चालू आहेत आणि त्यांतील मिळकत कोणाच्या हाती पडते, हे पाहिले तरच या पाठबळाचे खरे मोजमाप होईल.