रिॲक्शन आली म्हणजे रोग परत आला असं नाही

आजचे शास्त्रपठण: मार्क 8:22-25
सोबत वाचा: योहान 21:15-17, 2 तीमथ्य 4:20



जे बरे होत होते आणि मध्येच घसरले, त्यांच्यासाठी आजचं मनन आहे.

कोणी 47 दिवस दारूला हात लावला नव्हता. मोबाईलमधल्या ॲपवर दिवस मोजणं चालू होतं. एका शनिवारी मित्रांसोबत बसला आणि आकडा पुन्हा शून्यावर आला. कोणाला डिप्रेशनच्या गोळ्यांनी बरं वाटत होतं, ऑफिस सुरळीत सुरू होतं, आणि अचानक सकाळी अंथरुणातून उठवेना. त्यातही अवघड गोष्ट अशी की, दोनच आठवड्यांपूर्वी मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिलेली असते, "प्रभूने मला पूर्ण मोकळं केलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात. आता येत्या रविवारी कोणतं तोंड घेऊन जायचं?

म्हणून तो जात नाही. आधी उपासना सुटते, मग प्रार्थनेचा ग्रुप सुटतो, मग गोळ्या सुटतात. घसरायला एकच संध्याकाळ लागली होती. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या दूर जाण्याने.

दोनदा ठेवलेला हात

बेथसैदा गावात लोक एका आंधळ्याला येशूकडे घेऊन आले. येशूने त्याचा हात धरला आणि त्याला गावाबाहेर नेलं. त्याच्या डोळ्यांना थुंकी लावली, त्याच्यावर हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का? त्या माणसाने वर पाहिलं आणि जे दिसत होतं तेच सांगितलं: माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग येशूने त्याच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेवले आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं.

चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कानेच ही गोष्ट लिहिली आहे. येशू एका शब्दाने बरं करू शकत होता, आणि इतर ठिकाणी त्याने तसं केलंही. मग इथे दोन टप्पे का? कारण मार्क सांगत नाही. पण मधल्या त्या क्षणाकडे नीट पाहा.

येशूचा हात लागून झाला आहे आणि तरी धूसर दिसतंय. त्या माणसाला खोटं बोलणं सोपं होतं. "हो प्रभू, सगळं छान दिसतंय" असं म्हणून तो घरी गेला असता. लोकांना आनंद झाला असता आणि तो आयुष्यभर झाडांसारखी माणसं पाहत राहिला असता. पण तो खरं बोलला. येशूनेही त्याला "तुझा विश्वास कमी पडला" असं म्हटलं नाही. त्याने पुन्हा हात ठेवला.

अर्धवट बरं झालेल्या माणसाने येशूला खरं सांगावं, यात अविश्वास नाही. प्रश्न तर येशूनेच विचारला होता.

कोठाऱ्याहून एक धडा

आमच्या अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळ कोठारा आहे. तिथे द लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. 1869 साली वेलस्ली बेली नावाचा आयरिश तरुण पंजाबातल्या अंबाला इथे मिशनचा शिक्षक होता. तिथे त्याने कुष्ठरोगी पाहिले आणि पुढे 1874 साली ही ख्रिस्ती संस्था सुरू झाली. वऱ्हाडाला हा आजार आणि त्याची सेवा दोन्ही नवीन नाहीत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभं केलेलं अमरावतीचं तपोवन तर इथे सर्वांना माहीत आहे.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि औषधाने बरा होतो. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एमडीटीची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातली औषधं. आजाराच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांचा कोर्स असतो आणि तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. औषध सुरू झालं की जंतू झपाट्याने मरू लागतात.

पण काही रुग्णांच्या बाबतीत उपचार चालू असताना, कधी कोर्स संपल्यावरही, एक विचित्र गोष्ट घडते. फिके पडलेले चट्टे पुन्हा लाल होऊन सुजतात. ताप येतो, दुखऱ्या गाठी उठतात, नसा ठणकतात, हातापायातली ताकद कमी होते. रुग्ण घाबरतो. त्याला वाटतं, रोग परत आला, औषध फुकट गेलं. घरी म्हणतो, "कायले खाऊ आता ह्या गोळ्या?" आणि डबा बाजूला ठेवून देतो.

डॉक्टर याला रिॲक्शन म्हणतात. मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. ती सूज त्या लढाईची असते. अशी रिॲक्शन आली म्हणजे उपचार फसला, असा तिचा अर्थ होत नाही.

म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करायचं का? मुळीच नाही! रिॲक्शनमध्ये नसा कायमच्या निकामी होऊ शकतात. बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं, डोळ्याला इजा होते. त्यामुळे रुग्णाने लगेच दवाखान्यात यायचं असतं. डॉक्टर नसा तपासतात, गरज असेल तर प्रेडनिसोलोनसारखं औषध देतात आणि ते हळूहळू कमी करत नेतात. एमडीटीचा कोर्स चालू असेल तर तो बंद करत नाहीत.

म्हणजे रुग्णाच्या दोन चुका होऊ शकतात. "सगळं संपलं" म्हणून औषध सोडणं ही एक, आणि "काही नाही, होईल आपोआप" म्हणून घरी बसणं ही दुसरी. दोन्हींमध्ये तो डॉक्टरपासून लांबच राहतो.

उपमा कुठे थांबते

इथे प्रामाणिक राहू या. दारूचा घोट पुन्हा घेणं ही काही शरीराची आपोआप आलेली रिॲक्शन नाही. तो ग्लास हाताने उचललेला असतो आणि त्याचं दुःख घरच्यांनाही भोगावं लागतं. त्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर काय करायचं, याचं उत्तर मात्र तेच आहे: लगेच परत यायचं.

पेत्राकडे बघा. बेथसैदाच्या या गोष्टीनंतर थोड्याच ओळींनी तो येशूला ख्रिस्त म्हणून कबूल करतो (मार्क 8:29), आणि लगेचच त्याला येशूकडून कडक शब्द ऐकावे लागतात (8:33). त्यालाही अजून धूसरच दिसत होतं. पुढे तर तो येशूला ओळखतच नाही म्हणाला, आणि तेही तीनदा. पण योहानाच्या 21 व्या अध्यायात तो तळ्याकाठी येशूसमोर आहे. येशू तीनदा विचारतो, आणि तीनदा त्याच्यावर काम सोपवतो. पेत्राला वाईट वाटलं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तरी तो तिथून उठून गेला नाही.

मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. व्यसनी माणसांसाठी काम करणारे हे कॅथलिक धर्मगुरू स्वतःच दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. संस्थेच्या नावातच "कृपा" आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्येही कितीही वर्षं दारूशिवाय गेलेला माणूस "मी पूर्ण बरा झालो" असं म्हणत नाही. तो आजचा दिवस धरतो. याला अविश्वास म्हणू नका. रोजच्या भाकरीसाठी रोज मागायला येशूनेच आपल्याला शिकवलं आहे.

आमच्या भातकुलीकडचा शेतकरीही हे जाणतो. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे सगळी भिस्त पावसावर. पेरणी होते, पावसाचा खंड पडतो, कोवळं सोयाबीन करपतं. मग दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि तो खर्च खरा असतो, दुखतो. पण वावर तेच असतं. पहिलं पीक करपलं म्हणून कोणी वावर टाकून जात नाही.

आणि जे बरेच झाले नाहीत?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. 2 तीमथ्य 4:20 मध्ये पौल सहज लिहून जातो की, त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं. ज्या पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्याचाच सोबती आजारी राहिला! पौल त्याच्या विश्वासाविषयी एकही शंका घेत नाही. फक्त त्याचं नाव घेतो, म्हणजे मंडळी त्याला विसरणार नाही.

देवावर भरवसा म्हणजे रिपोर्ट चांगलाच येईल याची खात्री नव्हे. रिपोर्ट काहीही आला तरी ज्याने माझा हात धरून गावाबाहेर नेलं तो मला तिथेच सोडून जाणार नाही, ही खात्री म्हणजे भरवसा.

आज काय करायचं?

1. घसरला असाल तर आजच एका विश्वासू माणसाला सांगा. पास्टर, ग्रुपमधली ताई, मोठा भाऊ, कोणीही. पूर्ण वाक्यात सांगा: "मी काल पुन्हा घेतली." धूसर दिसतंय तर धूसर म्हणा.

2. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. प्रार्थना आणि गोळी यांचं आपसात भांडण नाही. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. आणि हेरॉईनसारख्या नशेपासून काही काळ लांब राहिलेल्याने पुन्हा जुन्याच प्रमाणात घेतलं तर जीव जाऊ शकतो. लाजेपोटी लपवू नका.

3. मदतीसाठी फोन करा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 या सरकारी हेल्पलाईन मोफत आहेत.

4. तुम्ही स्वतः ठीक असाल, तर मागच्या काही रविवारी कोण दिसलं नाही ते आठवा. त्याला "का येत नाहीस?" असं विचारू नका. "मी घ्यायला येतो, सोबत जाऊ" असं म्हणा. बेथसैदाचा आंधळा एकटा आला नव्हता. त्याला कोणीतरी आणलं होतं.

आणि मंडळीत साक्ष ऐकताना अर्ध्या वाटेवरच्या साक्षीलाही जागा ठेवू या. "मला अजून नीट दिसत नाही, पण येशूने माझा हात सोडलेला नाही," ही पण साक्षच आहे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू विचारतोस तेव्हा आम्हाला खरं सांगता येऊ दे. जे आज लाजेने घरात बसले आहेत त्यांच्या दारापर्यंत आम्हाला ने. डॉक्टरांच्या, समुपदेशकांच्या आणि रात्र जागून काढणाऱ्या आईबापांच्या हातांना बळ दे. ज्यांना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं आहे, त्यांच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेव. आमेन.