चर्चेतील कायदा आणि प्रसारकाची अचूकता

नभोवाणी किंवा दूरचित्रवाणीवरील चर्चेत दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला की प्रसारकाचे कर्तव्य संपले, असा समज पुष्कळदा आढळतो. तो अपुरा आहे. मतांचा समतोल राखता येतो. कायद्यात काय लिहिले आहे, हा मात्र मताचा विषय नव्हे. ब्रिटनमधील लिंग आणि लिंगभाव यांविषयीच्या वादावरून हे स्पष्ट होते.

तेथे दोन कायदे वेगवेगळे ध्यानात घ्यावे लागतात. २००४ च्या कायद्याने पारलिंगी प्रौढ व्यक्तीला, ठरावीक अटी पूर्ण केल्यास, आपल्या लिंगभावाचे प्रमाणपत्र मिळते. २०१० चा समानता कायदा भेदभावाला मनाई करतो. असे प्रमाणपत्र असलेली पारलिंगी स्त्री या दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने ‘स्त्री’ ठरते काय, हा प्रश्न स्कॉटलंडमधील एका दाव्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १६ एप्रिल २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, समानता कायद्यात ‘स्त्री’, ‘पुरुष’ आणि ‘लिंग’ हे शब्द जैविक लिंगाच्या अर्थाने योजलेले आहेत.

या निर्णयावर चर्चा करताना दोन चुका सहज संभवतात. ‘न्यायालयाने स्त्रीची व्याख्या केली’ असे मोघमपणे म्हटले, तर निर्णय एका कायद्यातील शब्दांच्या अर्थापुरता आहे, ही मर्यादा लोपते. ‘पारलिंगी व्यक्तींचे संरक्षण संपले’ हे विधान तर असत्यच होय. त्याच कायद्याच्या ७ व्या कलमाने लिंगबदलाला दिलेले संरक्षण कायम आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची अट नाही. पहिल्या चुकीमुळे एखादी संस्था निर्णयाचा नको तेथे आधार घेईल. दुसरीमुळे अन्याय झालेला कामगार दाद मागण्याचेच टाळील.

ऑफकॉम या ब्रिटिश नियामक संस्थेच्या संहितेप्रमाणे वृत्त यथोचित अचूक आणि निःपक्षपाती असले पाहिजे. त्यातील महत्त्वाची चूक सामान्यतः प्रसारणातूनच, विनाविलंब, मान्य करून दुरुस्त करावयाची असते. पण चूक घडू न देणे अधिक श्रेयस्कर. म्हणून चर्चेच्या संचालकाने कायद्याचे नाव, वर्ष, कलम आणि त्याची प्रादेशिक व्याप्ती आधी पाहून ठेवावी. पाहुण्याने चुकीचे विधान केल्यास तेथेच नम्रपणे दुरुस्ती करावी. कायदा कसा असावा, यावर पाहुण्यांनी खुशाल वाद घालावा. तो कसा आहे, हे श्रोत्याला निःसंदिग्धपणे कळले पाहिजे.