आरोग्य शिक्षण : नाजूक जागेची खाज व आग – ओळख आणि उपाय



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा आठवडाभर बाकाच्या टोकावर बसायचा. खेळाचा तास आला की पोट दुखतं म्हणायचा. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं, "काऊन रे, नीट बसत काऊन नाहीस?" बऱ्याच वेळाने मान खाली घालून म्हणाला, "सर, जांघेत खाज हाय, लय आग होते." घरी सांगितलं का? तर नाही. मोठ्या भावाची मलमाची ट्यूब तो लपून लावत होता. आधी बरं वाटलं, मग चट्टा दुप्पट झाला.

या मुलाला त्रास खाजेपेक्षा लाजेने जास्त झाला. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

त्रास का होतो?

जांघ, लघवीची जागा आणि आजूबाजूची त्वचा पातळ असते. तिथे हवा कमी, घाम जास्त. आपल्या राळेगाव भागात उन्हाळा कडक आणि पावसाळ्यात कापसाच्या वावरात ओल्या कपड्यांनी दिवसभर काम. मुलंही भिजलेल्या कपड्यातच शाळेत बसतात. मग त्वचा मऊ पडते, घासते आणि जंतूंना जागा मिळते. हा त्रास कोणालाही होऊ शकतो. तो झाला म्हणजे मूल घाणेरडं आहे किंवा काही वाईट केलं आहे, असं मुळीच नाही.

कसे ओळखावे?

१) घासल्याने होणारी आग : मांड्या एकमेकींना घासून त्वचा लाल होते. चालताना आग होते, खाज कमी असते.

२) साबण किंवा रसायनाचा त्रास : नवीन साबण, कपड्यात राहिलेली धुण्याची पावडर, जंतुनाशक द्रव, सॅनिटरी पॅड यामुळे लाली व चुरचुर होते. फवारणीचे औषध कपड्यांतून झिरपले तरी असेच होते. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून फवारणी झाली की कपडे लगेच बदलून साबणाने आंघोळ करावी. ते कपडे वेगळे धुवावेत.

३) नायटा (गजकर्ण) : ही बुरशी आहे. गोल चट्टा, कडा उठावदार, मधला भाग थोडा साफ, खूप खाज, आणि चट्टा बाहेर पसरत जातो.

४) खरूज : रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीजवळही पुरळ असते. घरात एकापेक्षा जास्त जणांना खाज असते.

घरी काय करावे?

• रोज साध्या पाण्याने धुवा. उग्र साबण व जंतुनाशक द्रव लावू नका.
• मऊ कापडाने टिपून कोरडे करा, घासू नका.
• सैल, सुती कपडे घाला. भिजले की बदला.
• चड्डी, टॉवेल प्रत्येकाचे वेगळे ठेवा. कपडे उलटे करून उन्हात वाळवा.
• फक्त घासल्याची आग असेल तर पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा पातळ थर पुरतो. तीन-चार दिवसांत फरक पडतो.
• नायट्यावर तेल लावू नका. त्याला क्लोट्रिमॅझोलसारखे साधे बुरशीनाशक मलम डॉक्टरांना विचारून, चट्ट्याच्या थोडे बाहेरपर्यंत लावतात. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावे लागतात. मध्येच सोडले की नायटा परत येतो.
• खरजेला घरातील सर्वांचा उपचार एकाच वेळी करावा लागतो.

सर्वात मोठी चूक : कोणाचीही ट्यूब

त्या मुलाच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण बुरशी मरत नाही, उलट आत पसरते. त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उठतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावे दिसली तर डॉक्टरांशिवाय लावू नका. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. भारतात सध्या पसरलेल्या हट्टी नायट्याच्या बुरशीला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळाले. नेहमीच्या गोळ्यांनाही ती कधीकधी दाद देत नाही. म्हणून अर्धवट उपचार महागात पडतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

आठवड्यात फरक नाही, पू, फोड, जखम, ताप, सूज, लघवी करताना जळजळ, वास येणारा स्राव, यापैकी काही असेल तर लगेच. अंडकोषात अचानक जोराचे दुखणे सुरू झाले तर एक तासही थांबू नका. मोठ्या माणसांत हा त्रास वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासा. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय आहे. पुढे गरज पडली तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे मोकळेपणाने बोलता येते.

शिक्षकांनी काय करावे?

वर्गासमोर विचारू नका. मुलींशी शिक्षिकेने किंवा आशाताईने बोलावे. आपण स्वतः तपासू नये, पालकांना सांगावे. "मला कोणी तिथे हात लावला" असे मुलाने सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवा, 1098 वर फोन करा. पोलिसांना कळवणे हे कायद्यानेही आपले कर्तव्य आहे.

त्या मुलाचे वडील त्याला दवाखान्यात घेऊन गेले. ती ट्यूब बंद झाली, भावाचाही उपचार झाला. महिन्याभराने पोरगा कबड्डीच्या मैदानात दिसला!

स्वाध्याय (पालकांसोबत)

१) घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा आहे का?
२) घरातील मलमाच्या ट्यूबवरची नावे वाचा. कोणती डॉक्टरांनी दिलेली आहे?
३) त्रास झाला तर घरात सर्वात आधी कोणाला सांगाल? त्यांचे नाव मनात ठरवा.