दुसऱ्या अल्बमवरची मतं

पुण्याच्या रास्ता पेठेत माझा दोन खोल्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. सकाळी भजनी मंडळं, दुपारनंतर रॅपवाली पोरं. २०२२ मध्ये रॅपर एम. सी. स्टॅनचा ‘इन्सान’ हा अल्बम आला तेव्हा या पोरांनी माझं डोकं उठवलं. स्टॅन म्हणजे आपल्या पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ शेख, तेव्हा बावीस वर्षांचा. २०२०च्या ‘तडीपार’नंतरचा हा त्याचा दुसरा अल्बम. जो येई तो आधी त्यावर बोले आणि मग माइकसमोर उभा राही. मी बुकिंगच्या वहीत मागच्या पानांवर एकेकाचं म्हणणं टिपत गेलो. त्या पानांनी मला जे शिकवलं ते असं.

१. एकदा ऐकून तोंड उघडू नये.

हे स्वतःच्या फजितीतून कळलं. स्कूटरवर, एका कानात इअरफोन घालून (करू नये, केलं), चार गाणी ऐकली आणि स्टुडिओत येऊन जाहीर केलं, “पोरगं संपलं.” कोपऱ्यात वहीत ओळी खोडत बसलेला एक जण मान वर न करता म्हणाला, “काका, बुवांचा अभंग मिक्स करायच्या आधी तुम्ही किती वेळा ऐकता?” मी चहा सांगायला बाहेर गेलो.

२. कुणी मत दिलं की आधी विचारावं, कशावर ऐकलंस?

“बीटमध्ये दमच नाय” हे वाक्य माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलंय. या गाण्यांचा बेस बहुधा ‘एट-ओ-एट’चा असतो. रोलँड कंपनीने १९८० मध्ये काढलेल्या ताल-यंत्राचं हे नाव. हा बेस पन्नास हर्ट्झच्या आसपास घुमतो आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर दोनशेच्या खाली जवळपास मुका असतो. दम नाही म्हणणाऱ्या एकाला मी बसवलं आणि तेच गाणं स्टुडिओच्या मॉनिटर स्पीकरवर लावलं. दाराची कडी खडखडायला लागली. कुणी आलं असं वाटून तो उठला, दार उघडून जिन्यात डोकावला आणि परत आला. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मत बदललं नाही त्याचं. पण बीटबद्दलची तक्रार गेली आणि शब्दांबद्दलची सुरू झाली. ही तक्रार निदान ऐकून केलेली होती.

३. ‘मशीन गातंय’ म्हणणाऱ्याला एकदा मशीन दाखवावं.

ऑटोट्यून वाढलं, ही ‘इन्सान’बद्दलची दुसरी मोठी ओरड. खरी आहे, स्टॅनचा आवाज त्यात भिजलेला असतो. पण आधी मशीन बघू. सूर जागेवर ओढणारं हे सॉफ्टवेअर काढणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या धंद्यात होता. जमिनीत लहरी सोडून तेलाचे साठे हुडकायचं गणित त्याला येत होतं, तेच त्याने १९९७ मध्ये आवाजाला लावलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यामध्ये ते जगाला ऐकू आलं. त्यात एक कळ असते, सूर किती वेगाने जागेवर ओढायचा याची. संथ ठेवली तर कुणाला पत्ता लागत नाही. शून्यावर आणली की आवाज पायऱ्या चढल्यासारखा खटाखट सुरांवर बसतो आणि लोक म्हणतात, मशीन गातंय.

आता कबुली देतो. संथ कळ मी कित्येक भजनी बुवांच्या आवाजाला लावली आहे. मंडळांची नावं सांगणार नाही. ते अभंग ऐकून “काय सूर लागलाय!” म्हणणारे लोक मी पाहिलेत. म्हणजे राग मशीनचा नाही, मशीन दिसल्याचा आहे. स्टॅन ते लपवत नाही एवढाच फरक. मात्र ‘इन्सान’मध्ये दोनतीन ठिकाणी शब्द पार गिळले जातात, तिथे मीही कळ मागे ओढली असती.

४. ‘पहिलाच बरा होता’ याचा अर्थ दर वेळी वेगळा असतो.

यावर मी सर्वांत जास्त विचार केलाय. ‘तडीपार’ हा पोलिसी मराठी शब्द. हद्दपारीची नोटीस वस्तीत कुणाच्या ना कुणाच्या घरी आलेली असते. कुणाचा चुलता, कुणाचा दोस्त. त्या नावाचा अल्बम आला तेव्हा पोरांना वाटलं, हा आपला कागद वाचतोय. ‘इन्सान’ हा शब्द कुणाचाही. दिल्लीच्या पोराचा, दुबईतल्या पोराचा. सूरही रडवेला, एकटा पडल्यासारखा. “काका, गाणी वाईट नायत,” एक जण फार वेळ गप्प बसून म्हणाला, “पण ह्यात आमची गल्ली नाय.” तो अल्बमवर बोलत नव्हता, निघून गेलेल्या माणसावर बोलत होता. त्याला ऑटोट्यूनचं गणित समजावण्यात काही हशील नव्हतं.

हे फक्त रॅपमध्येच होतं असं नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ची, पुढची ‘बिढार’ आली १९७५ मध्ये. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘बिढार’ला अजून माफ केलेलं नाही, गुन्हा एवढाच की ती ‘कोसला’ नाही.

५. ‘विकला गेला’ हा शेरा दहा वर्षं बाजूला ठेवावा.

‘इन्सान’वर हा शेरा ऐकला की मला नॅस आठवतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजच्या या रॅपरचा पहिला अल्बम ‘इलमॅटिक’ १९९४चा. रॅपची पोथीच म्हणतात त्याला. १९९६ मध्ये ‘इट वॉज रिटन’ आला. ट्रॅकमास्टर्सचं चकचकीत संगीत, एका गाण्यात लॉरिन हिल, अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिला. झालं, जुने भक्त म्हणाले, विकला गेला. त्याच अल्बममध्ये बंदुकीच्या तोंडून सांगितलेलं एक गाणं आहे, बंदूकच ‘मी’ म्हणून बोलते. आज त्या गाण्याला रॅपवाले कानाला हात लावतात. तेव्हा ओरडणाऱ्यांनी ते ऐकलं नसेल असं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

६. मताखाली तारीख घालावी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टॅन ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला. त्याच आठवड्यात एक जण येऊन म्हणाला, “मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो, ‘इन्सान’ कडक आहे.” मी वही काढली. त्याच्याच तोंडचं वाक्य होतं, “पैसे वाया, काका.” तो हसला आणि म्हणाला, “तेव्हा मूड नव्हता.” तेव्हापासून मी वही कुणाला दाखवत नाही.

७. बाकावर बसलेल्यांनाही विचारावं.

पोराला सोडायला आलेली एक आई, चार घरी पोळ्या करणारी, बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, “हे पोरगं गातंय का रडतंय?” मी म्हटलं, “दोन्ही.” “मग बरंय,” म्हणाली, “आमचं घरात काहीच करत नाही.” वहीतलं हे मत मी अजून कुठल्या रकान्यात टाकलेलं नाही.

माझं विचाराल तर ‘तडीपार’ सरस आहे, आणि रात्री काम संपल्यावर हात जातो तो ‘इन्सान’कडे. तुम्हाला पटत नसेल तर खुशाल या, लावतो. फक्त हेडफोन घरून आणा, माझ्याकडच्याची डावी बाजू गेली आहे.